समुद्रतळाचे रांजण
(इतिहास अभ्यासपाठ : इयत्ता ७ वी ते १० वी)



आपल्या बडोद्यातल्या बहुतेक घरांत शेंगदाण्याच्या तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा येतो. तो डबा नीट पाहिलात तर त्यावर बरेच काही लिहिलेले असते. तेल कसले, गिरणी कोणाची, गाव कोणते, वजन किती, कोणत्या महिन्यात भरले. तेल संपले की त्याच डब्यात गहू किंवा तांदूळ भरला जातो. डबा गंजला की भंगारवाला घेऊन जातो. आपण त्याच्याकडे कधी इतिहासाचे साधन म्हणून पाहत नाही. पण समजा, असे सहा हजार भरलेले डबे घेऊन निघालेली एखादी बोट बुडाली आणि दोन हजार वर्षांनी कोणाला सापडली, तर? त्या डब्यांवरून आपले खाणेपिणे, आपला व्यापार, आपली वजनेमापे, इतकेच काय पण कोणाच्या गिरणीचे तेल कुठवर जात होते, हे सगळे कळू शकेल.

रोमन लोकांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. त्यांच्याकडे पत्र्याचा डबा नव्हता. त्यांचा डबा मातीचा होता. त्याला अँफोरा म्हणत. या पाठात आपण हा अँफोरा कसा होता, तो समुद्राच्या तळाशी कसा पोहोचला, तिथून तो वर कसा काढला गेला आणि काढताना कोणत्या चुका झाल्या, हे पाहू.

अँफोरा म्हणजे काय?

अँफोरा हा शब्द मूळ ग्रीक भाषेतला. 'दोन्ही बाजूंनी उचलायचे भांडे' असा त्याचा अर्थ. उंच मान, अरुंद तोंड, मानेच्या दोन्ही बाजूंना दोन कान आणि खाली निमुळते होत गेलेले टोकदार बूड, असा त्याचा नेहमीचा आकार. मराठीत त्याला रांजण म्हणायला हरकत नाही. फक्त आपला रांजण एका जागी पुरून ठेवलेला असतो, तर हा रांजण प्रवासासाठी बनवलेला होता.

रोमन लोक अँफोरा हे मापाचे नावही वापरत. एक अँफोरा म्हणजे सुमारे २६ लिटर. गलबत किती मोठे हे सांगताना ते 'इतक्या अँफोरांचे गलबत' असे म्हणत. प्रत्यक्षातले रांजण मात्र निरनिराळ्या आकारांचे आणि मापांचे असत. इटलीत मद्यासाठी वापरला जाणारा एक रांजण उंच व सडपातळ होता, त्यात सुमारे २५ लिटर मद्य मावे. दक्षिण स्पेनमधला ऑलिव्ह तेलाचा रांजण भोपळ्यासारखा गोल होता, त्यात सुमारे ७० लिटर तेल राही. मासे मिठात मुरवून केलेली एक पातळ चटणी रोमन लोकांना फार आवडे. तिला ते गारम म्हणत. तिचे रांजण आणखी वेगळ्या घडणीचे असत.

म्हणजेच, आकार पाहून आत काय होते आणि माल कोणत्या प्रांतातून आला याचा बराचसा अंदाज करता येतो. हे काम शिस्तीने प्रथम करणारे विद्वान होते हाइन्रिश ड्रेसेल. त्यांनी रोम शहरात सापडलेल्या रांजणांवरच्या अक्षरांचा अभ्यास केला आणि १८९९ साली ४५ आकारांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. आजही अभ्यासक 'ड्रेसेल १', 'ड्रेसेल २०' असेच म्हणतात.

बूड टोकदार का?

हा प्रश्न प्रत्येक मुलाला पडतो आणि तो पडायलाच हवा. जे भांडे जमिनीवर उभे राहत नाही ते बनवायचे कशाला?

याची कारणे जहाजात सापडतात. सपाट बुडाची भांडी एकावर एक ठेवली तर बोट हलताच वरची घसरतात. टोकदार बुडाचे रांजण मात्र एकमेकांत गुंततात. पहिल्या थरातले रांजण शेजारी शेजारी उभे केले की त्यांच्या खांद्यांच्या मध्ये खळगे तयार होतात. दुसऱ्या थरातल्या रांजणांची टोके बरोबर त्या खळग्यांत बसतात. मध्ये गवत, झुडपांच्या डहाळ्या किंवा द्राक्षवेलीच्या काटक्या खुपसायच्या, म्हणजे रांजण एकमेकांवर आपटत नाहीत.

दुसरे कारण उचलण्याचे. भरलेला रांजण ओतताना एक हात कानाला आणि दुसरा हात खालच्या टोकाला लावला की तो सहज तिरका करता येतो. ते टोक म्हणजे जणू तिसरा कान. तिसरे कारण मजबुतीचे. बूड जिथे जमिनीवर आपटते तिथे माती जाड आणि भरीव ठेवलेली असे.

घरी हा प्रयोग करून पाहा. वाण्याकडे शेंगदाणे बांधून देतात तशा कागदाच्या १२ निमुळत्या पुड्या करा, त्यांत वाळू भरा आणि तोंडे चिकटवा. एका खोक्यात त्यांचे दोन थर रचा. मग तेवढ्याच १२ सपाट काड्यापेट्यांचे दोन थर दुसऱ्या खोक्यात रचा. दोन्ही खोकी हलवा आणि काय होते ते वहीत लिहा.

आत काय होते हे कसे कळते?

मातीचे भांडे पाझरते, हे माठाचे थंड पाणी पिणाऱ्याला सांगायला नको. मद्य पाझरून जाऊ नये म्हणून रोमन लोक रांजणाला आतून पाइन झाडाच्या राळेपासून केलेल्या काळ्या डांबराचा लेप देत. तोंडाला बूच बसवून वरून चुन्याच्या गिलाव्याने ते बंद करत.

हा काळा लेप आजही रांजणांच्या आत मिळतो आणि त्यात मूळ पदार्थाचे अंश अडकलेले असतात. प्रयोगशाळेत ते तपासता येतात. इटलीतील सान फेलिचे चिर्चेओ गावाजवळच्या समुद्रतळावरून मिळालेल्या तीन रोमन रांजणांचा असा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात डांबराबरोबर द्राक्षांच्या मद्याच्या रासायनिक खुणा आणि द्राक्षवेलीचे परागकणही सापडले.

अंदाज चुकूही शकतो, याचे एक उदाहरण ग्रीसमधले आहे. खिऑस बेटाजवळ सुमारे २४०० वर्षांपूर्वी बुडालेल्या एका नौकेवरचे रांजण मिळाले. खिऑस मद्यासाठी प्रसिद्ध, तेव्हा रांजणात मद्यच असणार, असे वाटणे साहजिक होते. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत त्यांतल्या एका रांजणात ऑलिव्ह आणि ओरेगानो या सुगंधी पाल्याचे अंश निघाले. नाव पाहून निर्णय करू नये, हा धडा इथे मिळतो.

मातीवरची अक्षरे

अनेक रांजणांच्या कानांवर किंवा गळ्यावर ओल्या मातीत उठवलेले शिक्के असतात. ते कुंभारवाड्याच्या मालकाचे. काहींवर शाईने लिहिलेला मजकूर असतो. स्पेनच्या तेलाच्या रांजणांवर रिकाम्या रांजणाचे वजन, आतल्या तेलाचे वजन, व्यापाऱ्याचे नाव आणि तपासणी अधिकाऱ्याची नोंद, इतके सारे लिहिलेले असे. आपल्या डब्यावर 'निव्वळ वजन' लिहिलेले असते, तसेच.

हे मजकूर वाचायची सर्वांत मोठी जागा समुद्रात नसून रोम शहरात आहे. तिथे मोंते टेस्टाच्चो नावाची सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी आहे आणि तिचा घेर जवळजवळ एक किलोमीटर आहे. ती टेकडी संपूर्णपणे फुटक्या रांजणांच्या खापरांची आहे! तेल मुरलेला रांजण खवट होई, पुन्हा वापरता येत नसे. म्हणून तो फोडून, खापरे रचून, वास येऊ नये म्हणून वर चुना टाकत. तिथे सुमारे ५ कोटी ३० लाख रांजणांची खापरे असावीत, असा अंदाज सांगितला जातो.

मग समुद्रात बुडी मारायची गरज काय? कारण असे की टेकडी हा उकिरडा आहे. तिथे आलेला माल वापरून संपलेला आहे. बुडालेले गलबत म्हणजे चालत्या बाजाराचा थांबलेला एक दिवस. कोणता माल कोणत्या मालाबरोबर, किती, कशाखाली, कोणाच्या शिक्क्याने निघाला होता, हे सगळे एकाच वेळचे आणि एकाच जागी मिळते. मात्र एक अट आहे. ते ज्या जागी पडले आहे त्या जागेची नोंद आधी झाली पाहिजे. ही अट किती महत्त्वाची आहे, हे पुढच्या तीन उदाहरणांवरून समजेल.

पहिले उदाहरण : अल्बेंगा, १९५०

गलबत बुडून तळाला टेकले की उघडे लाकूड समुद्रकिडे पोखरून टाकतात. बाजू कोसळतात, पण भाजलेली माती सडत नाही. म्हणून रांजणांचा ढीग गलबताच्या आकारात तसाच राहतो आणि ढिगाखाली, गाळात दबलेले लाकूडही वाचते. पाणबुड्यांना वरून दिसतो तो हा ढीग.

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील अल्बेंगाजवळ मच्छीमारांच्या जाळ्यात १९२५ पासून रांजण येत होते. १९५० साली पुरातत्त्वज्ञ निनो लाम्बोल्या यांनी 'आर्तिल्यो' नावाच्या जहाजाच्या मदतीने ते वर काढायचे ठरवले. हे जहाज बुडालेला माल उचलण्याचे काम करणारे होते. सुमारे ४० मीटर खोलीवर त्याचा लोखंडी पंजा सोडला गेला. थोड्याच दिवसांत ७२८ रांजण वर आले. लोकांना मोठे कौतुक वाटले. काही रांजणांत हेझलनट नावाची कवचाची फळे होती, काहींच्या तोंडात पाइनची बोंडे बुचासारखी बसवलेली होती.

पण त्या पंज्याने जितके रांजण आणले त्यांतले बरेच फोडले. कोणता रांजण कोणत्या थरात होता, कशाशेजारी होता, हे कळायला मार्गच राहिला नाही. गलबताच्या लाकडाचीही मोडतोड झाली. हे नुकसान स्वतः लाम्बोल्या यांनाही दिसले आणि पुढे त्यांनी जागेवर मोजमाप करण्याची पद्धत धरली. अल्बेंगाच्या त्या गलबतात दहा हजारांहून अधिक रांजण असावेत असे मानतात. म्हणजे बहुतेक माल सुदैवाने खालीच राहिला होता.

दुसरे उदाहरण : ग्राँ काँग्लुए, १९५२

१९४३ साली फ्रान्समध्ये जॅक कुस्तो आणि एमील गान्याँ यांनी पाठीवर हवेच्या टाक्या घेऊन पोहण्याचे साधन तयार केले. आता पाणबुड्याला वरून नळी लागत नव्हती. १९५२ साली कुस्तो आणि पुरातत्त्वज्ञ फेर्नां बेन्वा यांनी मार्सेय शहराजवळच्या ग्राँ काँग्लुए या खडकाळ बेटापाशी या साधनाने उत्खनन सुरू केले. ते १९५७ पर्यंत चालले.

तिथे दोन प्रकारचे मद्याचे रांजण निघाले. एक जुन्या घडणीचे, दुसरे नंतरच्या. नंतरच्या रांजणांवर SES असा लॅटिन शिक्का, म्हणजे इटलीच्या कोसा बंदराजवळ मोठा व्यवसाय असलेल्या सेस्टियस घराण्याचा शिक्का होता. बेन्वा यांनी सगळा माल एकाच गलबताचा मानला. पण मग शंभर वर्षांच्या अंतराचे रांजण एकाच बोटीत कसे? यावर विद्वानांचा वाद बरीच वर्षे चालला.

अखेर १९८० च्या दशकात लुक लाँ यांनी जुन्या नोंदी, छायाचित्रे आणि वस्तू पुन्हा तपासल्या आणि उलगडा झाला. तिथे गलबते दोन होती! पहिले इ.स.पू. २०० च्या आसपास बुडाले. सुमारे शंभर वर्षांनी त्याच खडकाजवळ दुसरे बुडाले आणि नेमके पहिल्याच्या वर जाऊन बसले. काढताना प्रत्येक वस्तूची जागा नीट टिपली असती तर खालचा थर आणि वरचा थर पहिल्याच वर्षी वेगळे दिसले असते. कुस्तो आणि बेन्वा यांच्या धाडसाला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण तेव्हा पाण्याखाली असे काम कोणी केलेच नव्हते. पण एका वहीत न लिहिलेल्या गोष्टीसाठी तीस वर्षे खर्ची पडली, हे विसरता येत नाही.

पाण्याखालच्या उत्खननाला जमिनीवरच्या उत्खननाची शिस्त आणण्यात अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बास यांचा मोठा वाटा आहे. १९६० साली तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर काम करताना त्यांनी पाणबुड्यांवर विसंबून न राहता स्वतः पाण्याखाली जाऊन पाहण्याचा आग्रह धरला. पुढे तळावर चौकोनांची चौकट लावणे, प्रत्येक वस्तूला क्रमांक देणे, आधी नकाशा मग हात, ही रीत रूढ झाली.

तिसरे उदाहरण : माद्राग द जियाँ, १९७२ ते १९८२

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर तूलाँजवळ जियाँ नावाचे द्वीपकल्प आहे. १९६७ साली फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांना तिथे सुमारे २० मीटर खोलीवर रांजणांचा ढीग दिसला. आंद्रे चेर्निया, पात्रीस पोमे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ ते १९८२ अशी दहा वर्षे तिथे संथपणे काम केले.

गलबत सुमारे ४० मीटर लांब आणि ९ मीटर रुंद होते. इ.स.पू. ७५ ते ६० च्या दरम्यान ते बुडाले. आत मद्याचे सहा ते सात हजार रांजण तीन थरांत रचलेले होते. टोके खांद्यांच्या खळग्यांत, मध्ये झुडपांच्या डहाळ्या व लव्हाळे खुपसलेले, अगदी वर सांगितले तसे. रांजणांवर पब्लियस व्हेव्हेयस पापस या नावाचा शिक्का होता. त्यांची भट्टी रोमच्या दक्षिणेला तेराचिनाजवळ होती हेही कळले. म्हणजे माल कुठला, कोणाचा आणि कुठे निघाला होता, ही साखळी जुळली.

आता थोडे गणित करू. भरलेला एक रांजण सुमारे ५० किलो. ६,००० रांजण गुणिले ५० किलो म्हणजे ३,००,००० किलो, अर्थात ३०० टन. पण रिकामा रांजणच सुमारे २५ किलोचा होता. म्हणजे ३०० टनांपैकी १५० टन नुसती माती! गलबताच्या वजनाचा अर्धा भाग भांड्यांतच जात होता. पुढे रोमन कुंभारांनी तेवढेच मद्य मावणारा पण जवळजवळ निम्म्या वजनाचा रांजण का बनवला, याचे उत्तर या हिशेबात आहे. त्यानंतरच्या काळात लाकडी पिंपे आली आणि हळूहळू मद्याच्या रांजणाची जागा त्यांनी घेतली.

या गलबतात एक कोडेही होते. ढिगाच्या काही भागात रांजण नव्हतेच आणि तिथे मोठे दगड पडलेले होते. हे दगड गलबताच्या बुडात समतोल राखायला टाकलेले नव्हते. ते जवळच्या जियाँच्या किनाऱ्यावरचे होते. मग बुडालेल्या गलबतावर ते आले कसे? उत्खनन करणाऱ्यांनी याचा असा अर्थ लावला : गलबत बुडाल्यावर लवकरच रोमन पाणबुडे तिथे आले. श्वास रोखून, हातात जड दगड धरून ते झपाट्याने तळाशी जात, दगड तिथेच सोडत आणि रांजणाला दोर बांधून वर येत. लॅटिनमध्ये अशा पाणबुड्यांना युरिनातोर म्हणत. त्यांच्याकडे ना हवेची टाकी, ना चष्मा. २० मीटर म्हणजे जवळजवळ सहा मजली इमारतीएवढी खोली! त्यांच्यातल्या एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही. पण त्यांचे कष्ट आपल्याला कळले ते केवळ कोणीतरी त्या दगडांना 'नुसते दगड' म्हणून बाजूला फेकले नाही म्हणून. अल्बेंगाच्या लोखंडी पंज्याला ते दगड दिसलेच नसते.

रांजणाची किंमत कोणी दिली?

व्यापार म्हटला की आपल्यासमोर नफा, शिडे आणि बंदरे येतात. पण या रांजणांची दुसरी बाजूही शिकली पाहिजे. इटलीतून निघालेले हे मद्य मोठ्या प्रमाणावर गॉल प्रांतात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, विकले जाई. इ.स.पू. पहिल्या शतकातला इतिहासकार डायोडोरस सांगतो की गॉल लोकांना मद्याची इतकी ओढ होती की एका रांजणाच्या बदल्यात ते एक गुलाम देत. त्याने थोडी अतिशयोक्ती केली असेल. पण माणसे मालासारखी विकली जात होती आणि इटलीतल्या मोठ्या द्राक्षमळ्यांतही गुलामच राबत होते, यात शंका नाही. संग्रहालयात रांजणांची रांग पाहिली की तिच्या सौंदर्याबरोबर हेही आठवावे.

आपल्या किनाऱ्याशी नाते

हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही. इ.स. पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हे पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यात आपल्यापासून सुमारे ७० किलोमीटरवर असलेल्या भरूचचे वर्णन बारिगाझा या नावाने येते. तिथे उतरणाऱ्या मालाच्या यादीत मद्य आहे आणि त्यातही इटलीच्या मद्याला अधिक मागणी होती असे म्हटले आहे. नर्मदेच्या मुखाशी वाळूचे उथळ पट्टे आणि भरती-ओहोटीचा जोर असल्यामुळे परदेशी गलबतांना वाट दाखवायला राजाचे नावाडी सामोरे जात, असेही त्यात लिहिले आहे. याच पुस्तकात भरूचपासून वीस दिवसांच्या वाटेवरच्या पैठणचा, त्यापुढच्या तेरचा, तसेच सोपारा आणि कल्याण या बंदरांचाही उल्लेख आहे.

आपल्या अकोट्यात रोमन घडणीच्या एका कांस्य सुरईचा कान मिळाला आहे. त्यावर इरॉस या देवतेची आकृती आहे. डेक्कन कॉलेजने डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात नेवासे येथे उत्खनन केले, तेव्हा रोमन रांजणांची खापरे सापडली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी बेट द्वारकेच्या समुद्रातूनही रांजणांची खापरे नोंदवली आहेत. मात्र माद्रागसारखे रांजणांनी भरलेले गलबत आपल्या किनाऱ्याजवळ अजून उत्खनित झालेले नाही.

आणि इथेही घाई नडते. भारतात मिळालेली अनेक खापरे पूर्वी सरसकट रोमन समजली जात. अभ्यासक रोबर्टा टोंबर यांनी ती पुन्हा हाताळून पाहिली. २००७ साली त्यांनी दाखवून दिले की त्यांतली बरीच रोमन नसून मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराककडची आहेत. त्या रांजणांना कान नसतात आणि आतून खनिज डांबराचा लेप असतो. म्हणजे आपला किनारा केवळ रोमशी नव्हे, इराणी आखाताशीही तितकाच जोडलेला होता. एक चुकीचे नाव दुरुस्त झाले आणि आपला इतिहास लहान न होता मोठा झाला.

उलट दिशेने गेलेल्या मालाचा पुरावाही हवा असेल, तर तो इजिप्तच्या बेरेनिके बंदरात आहे. तिथल्या मंदिरात भारतीय घडणीचा एक रांजण मिळाला. त्यात साडेसात किलो काळी मिरी होती!

आपण काय करावे?

भूमध्य समुद्रात आजवर प्राचीन काळातल्या बुडालेल्या गलबतांच्या हजाराहून अधिक जागा नोंदल्या गेल्या आहेत. कमी खोलीवरचे कितीतरी ढीग मात्र हौशी पाणबुड्यांनी आणि चोरट्या व्यापाऱ्यांनी नोंद होण्याआधीच लुटले. दिवाणखान्यात ठेवलेला असा रांजण दिसायला सुंदर असतो, पण तो मुका झालेला असतो. शिवाय समुद्रातून काढलेले भांडे गोड्या पाण्यात अनेक महिने भिजवून त्यातले मीठ काढावे लागते. नाहीतर मिठाचे स्फटिक होऊन त्याचे पापुद्रे सुटतात.

चांगली उदाहरणेही आहेत. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर ला व्हिला होयोसा गावाजवळ बू आणि फेरेर या दोन हौशी पाणबुड्यांना गारमच्या रांजणांनी भरलेले गलबत दिसले. त्यांनी ते लपवले नाही, अधिकाऱ्यांना कळवले. आज ते गलबत 'बू फेरेर' या त्यांच्याच नावाने ओळखले जाते. २०१९ साली मायोर्का बेटावर पाल्मा शहराच्या गजबजलेल्या किनाऱ्यापासून अगदी जवळ, जेमतेम दोन मीटर पाण्यात, चौथ्या शतकातले एक गलबत मिळाले. त्यातल्या सुमारे ३०० रांजणांपैकी अनेकांवर शाईची अक्षरे शाबूत होती. तीही कळवणाऱ्यामुळेच वाचली.

तुमच्यापैकी कोणी उद्या समुद्रतळाशी जाईलच असे नाही. पण घराचा पाया खणताना, शेत नांगरताना, नदीकाठी फिरताना जुने नाणे, मूर्ती किंवा खापर मिळू शकते. ते घासू नका, उचलून घरी नेऊ नका. जागा लक्षात ठेवा, शक्य तर छायाचित्र घ्या, मोठ्यांना सांगा. पालकांनी ते जिल्हाधिकारी कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची माहिती देणे १८७८ च्या कायद्यानेही आवश्यक आहे. वस्तू जागेवरून हलली की तिची अर्धी माहिती तिथेच राहते आणि ती परत आणता येत नाही.

स्वाध्याय

१. अँफोराचे बूड टोकदार ठेवण्याची तीन कारणे लिहा.

२. माद्राग द जियाँ येथील गलबतात २५ किलोऐवजी १३ किलो वजनाचे रिकामे रांजण असते, तर ३०० टनांत २५ किलो मद्याचे किती भरलेले रांजण बसले असते? आधीच्यापेक्षा किती लिटर मद्य जास्त गेले असते? (१ लिटर मद्य = १ किलो धरा.)

३. ग्राँ काँग्लुए येथील दोन गलबते एकच का वाटली? ही चूक कशी टाळता आली असती?

४. 'टेकडी उकिरडा आहे, गलबत हा थांबलेला दिवस आहे.' स्पष्ट करा.

५. घरातल्या तेलाच्या डब्यावरचा सगळा मजकूर वहीत उतरवा. दोन हजार वर्षांनी तो वाचणाऱ्याला आपल्याबद्दल कोणत्या पाच गोष्टी कळतील आणि कोणत्या गोष्टी मुळीच कळणार नाहीत, ते लिहा.

६. (पालकांसह) आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी तेल, तूप, गूळ, लोणचे, धान्य कशा-कशात साठवत? प्रत्येक भांड्याचे नाव, ते कशाचे बनलेले असे आणि ते कोठून विकत आणत, याचा तक्ता करा. एखादे भांडे अजून घरात असेल तर ते धुऊन चकचकीत करण्याआधी, आहे त्या जागी, आहे तसे त्याचे चित्र काढा.